डोहाचं अर्धं जाळं

समुद्र मी एकदाच पाहिला आहे, तोही बसच्या खिडकीतून. तरी मागच्या उन्हाळ्याआधी मी भर मंडपात सागरी किनाऱ्याच्या संवर्धनावर बोलले. बोलले म्हणजे दुसऱ्याचं हिंदी भाषण मराठीत सांगितलं.

आमचं गाव खैरलांजीकडे, वैनगंगेच्या काठावर. नदीचा हा काठ मध्य प्रदेशात, तो महाराष्ट्रात. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी तुडवत कोणीही राज्य ओलांडतो आणि वांगी घेऊन परत येतो. मी निवृत्त होईपर्यंत गावच्या शाळेत हिंदी शिकवलं. घरात मराठी, फळ्यावर हिंदी. त्यामुळे दोन्ही भाषांमधलं काहीही निघालं की लोकांना मॅडमबाई आठवतात.

गावाच्या खालच्या अंगाला एक डोह आहे. नदी आटू लागली की मासे तिथेच जीव धरून राहतात आणि पुढच्या पुरात तेच नदीभर पसरतात. म्हणून होळीनंतर दोन्ही काठांवरची मासे धरणारी ढीमर घरं तिथे जाळं टाकत नाहीत. फक्त अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, डोह एकदा ओढतात. लहान मासे सोडून देतात, मोठे दोन्ही काठ वाटून घेतात. मग पाऊस येईपर्यंत पुन्हा बंद.

डोहाला पुरेल एवढं लांब जाळं एकच, आणि ते वर्षभर दोन तुकड्यांत असतं. अर्धं आमच्या काठावर, ढीमरांच्या मुखियांच्या घरात आढ्याला टांगलेलं. अर्धं पलीकडे त्यांच्या इहिणीकडे, म्हणजे मुलीच्या सासूकडे. अक्तीच्या सकाळी वाळूवर दोन्ही तुकडे शिवतात, संध्याकाळी शिवण उसवून आपापला तुकडा घरी नेतात. ही रीत कोणी घातली हे मी बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकाने आपलाच पणजोबा सांगितला.

तर या डोहासाठी एक प्रकल्प आला. त्याचे साहेब मनाने चांगले होते, पण त्यांचं सगळं साहित्य समुद्राकाठच्या गावांसाठी तयार झालेलं होतं. फलकावर नारळाची झाडं आणि एक जहाज. पडद्यावर कासवं, प्रवाळ, खारफुटी. मुखिया माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडमबाई, हे कासव आपल्या डोहात सोडून राह्यले का?"

"नाई. फोटोपुरतंच आहे."

"मंग ठीक आहे. मासे खाऊन टाकीन ते."

साहेब म्हणाले, "समुंदर नहीं है तो क्या हुआ, सिद्धांत तो वही है।" ते मी मराठीत सांगितलं. ऐकणाऱ्या सगळ्यांना हिंदी येत होती. भाषांतर लागत होतं ते अहवालाला, कारण पलीकडच्या राज्यातले लोकही सहभागी होते हे दिसायला हवं होतं. सिद्धांत असा की ज्यांचं पोट पाण्यावर आहे त्यांनीच ठरवावं आणि मिळून राखावं. त्यात मला काही चूक दिसली नाही. फक्त तो सांगायला एवढा मोठा मंडप कशाला, हे कळलं नाही.

शेवटी शाल, श्रीफळ आणि भेट. दोन्ही काठांना डोहाच्या लांबीचं एकेक नवं कोरं नायलॉनचं जाळं, लाल रिबीन बांधून. एक मुखियांनी घेतलं, एक त्यांच्या इहिणीने. मुखियांना शाल फार आवडते. फोटोसाठी त्यांनी ती पुन्हा पुन्हा नीट केली. मीही टाळ्या वाजवल्या. त्या गठ्ठ्यांमध्ये काय होतं हे त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

ते आधी आलं पोट्ट्यांच्या डोक्यात. आता अख्खं जाळं आपल्याकडे आहे, मग अक्तीची वाट काहून पाहायची? तिकडच्यांना बोलवायचं काहून? आठवड्याच्या आत पारावर हेच चाललं होतं. मग बातमी आली की पलीकडे मुखियांची इहीण नवं जाळं वाळूवर पसरवून हाताने मोजत होती. झालं. आपण ओढलं नाही तर ते ओढतील, असं इकडे प्रत्येक जण बोलू लागला. तिकडेही हेच बोलत असतील, असं मला वाटलं. डोह एकदा असा चोरून ओढला गेला असता तर पुढच्या वर्षी राखायला त्यात काही उरलं नसतं. आणि मुखियांची मुलगी पलीकडच्या त्याच घरात नांदत होती.

एका सकाळी मुखिया माझ्या ओसरीवर येऊन बसले. चहा निवला तरी हात लावेनात.

"मॅडमबाई, सरकारी वस्तू कापली तं गुन्हा होते का?"

"कोणती वस्तू?"

"जाळं. मधातून."

"गुन्ह्याचं मले माहीत नाई. नाई कापलं तं काय होईल ते तुमाले माहीत आहे."

"हौ." त्यांनी कप बाजूला सारला. "पण आमी कापलं अन् त्याइनं नाई कापलं तं? आमच्यापाशी अर्धं, त्याइच्यापाशी पुरं. पोट्टे मले गावात राहू देनार नाईत."

मोठमोठे देश शस्त्रं कमी करायला बसतात तेव्हा त्यांचंही घोडं इथेच अडतं, आणि त्यांच्याकडे तर दुभाषे पगारी असतात. मी म्हटलं, आधी निरोप पाठवा. ते म्हणाले, निरोप धाडला की आपण भ्यालो असं होते.

प्रश्न सोडवला त्यांच्या बायकोने. "घेतलं तवा हासत हासत घेतलं नं? शाल पांघरून? मंग कापा बी तुमीच पहिले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळूवर, दोन्ही काठांना दिसेल अशा जागी जाळं पसरलं आणि विळ्याने मधोमध कापलं. नायलॉन चिवट असतं. बराच वेळ लागला. आमच्या काठावरचा एक पोट्टा "गया काम से" म्हणाला आणि निघून गेला. मुखियांनी अर्धा तुकडा खांद्यावर घेतला आणि मला म्हणाले, "चला. भाषण तुमीच सांगतलं होतं, आता हे बी सांगा." मी चपला हातात घेतल्या.

पलीकडे त्यांच्या इहिणीचं घर काठापासून जवळच आहे. परसातल्या बाडीच्या कुंपणाशी आम्ही थांबलो, कारण पुढे पाहून मुखिया थांबले होते. वांग्यांच्या वाफ्यांवर, बांबूच्या खुंटांना ताणून, नवं कोरं नायलॉनचं जाळं बांधलेलं होतं. अख्खं. एका टोकाला लाल रिबीनही तशीच होती.

इहीण व्याह्यांना पाहून आतून बाहेर आली. "या नं इवाईबुवा. वांदराइनं लय सतावलं या साली. आता येतेत, पाह्यतेत, अन् जातेत."

"हे... हे कवा बांधलं?"

"मंडप उठला त्याच्या दुसऱ्याच दिशी. मोजून पाह्यलं वाळूवर, बरोबर पुरलं." मग तिला त्यांच्या खांद्यावरचं ओझं दिसलं. तिने एक टोक हातात घेऊन कापलेली कड पाहिली. सगळं तिच्या लक्षात आलं असावं. ती हसली नाही, हे मला आवडलं.

मुखिया म्हणाले, "तुमचे पोट्टे काही म्हनत नाई?"

"म्हनले नं. मी म्हनलं, पहिले वांगे खानं सोडा, मंग जाळं सोडून नेजा."

"पहिले सांगाचं होतं, ईनबाई."

"तुमी पहिले इचाराचं होतं."

आतून मुलगी पाणी घेऊन आली. "बाबा, धोतर सारं ओलं. काही झालं का?"

"काही नाई," मुखिया म्हणाले. "तुह्या सासूले जाळं द्याले आलो."

आम्ही तिथे जेवलो. वांग्याची भाजी होतीच. जेवताना मी विचार करत होते. डोहाच्या लांबीचं जाळं कटंगीच्या बाजारात केव्हाही मिळालं असतं. साहेबांनी काही दुर्मिळ वस्तू आणून दिली नव्हती. तरी इतकी वर्षं कोणी ते विकत आणलं नव्हतं, आणि फुकट मिळालं तेव्हा आमचा काठ आठवडाभरात बिथरला.

निघताना मुखियांनी अर्धा तुकडा पुन्हा खांद्यावर घ्यायला हात घातला. इहिणीने तो ओढून घेतला.

"आता आनलं तं राहू द्या. काकडीच्या मांडवाले होते."

"अन् माह्यापाशी उरलेलं?"

"तुमची बी बाडी आहे नं?"

मुखियांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या बाडीत काही पिकत नाही. आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा काठावरून तिचा आवाज आला.

"इवाईबुवा, अक्तीले शिवाले दोरा कोनाचा?"

मुखिया पाण्यातच थांबले. "मागच्या साली तुमचा होता."

"मंग आता तुमचा. अन् जाड आना. मागं अर्ध्यातच तुटला होता."

"तो तुमचा होता," मुखिया म्हणाले, आणि खांदा मोकळा असूनही थोडे वाकूनच पाणी तुडवू लागले.