आरशातली बाई आणि माझी वही

हॅनोव्हरला राहायला आलो त्या वर्षी मला जर्मन येत होतं ते परीक्षा पास होण्यापुरतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते त्या ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत, घरी मराठी, आणि बेकरीत बोट दाखवून भागायचं. खरं जर्मन मी शिकले ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका आजोबांकडे, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मूकपटांमधून.

त्याचं असं झालं. माझं एक पार्सल त्यांनी घेऊन ठेवलं होतं. रविवारी दुपारी ते आणायला खाली गेले, तर आतून शिलाई मशीनसारखी घरघर ऐकू येत होती. त्यांनी दार उघडलं आणि घाईघाईने म्हणाले, "मशीन थांबवता येत नाही, आत या, दहाच मिनिटं!" बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले, भिंतीवर इस्त्रीची पांढरी चादर, आणि चादरीवर एक जाडा माणूस शिडीसकट हौदात पडत होता. मग चित्र जाऊन जर्मन अक्षरांची पाटी आली. मूकपटात संवाद असे लिहून दाखवतात, आणि सावकाश वाचणाऱ्यांसाठी पाटी बराच वेळ ठेवतात. माझ्या वेगाला ती बरोब्बर पुरली. मी मोठ्याने वाचली. आजोबांनी अंधारातूनच माझा एक उच्चार सुधारला. तेव्हापासून सहा वर्षं माझे बहुतेक रविवार त्या खोलीत गेले.

त्यांच्या आजोबांचं एक छोटं थिएटर होतं. बोलपट आल्यावर ते बंद पडलं, पण घरी दाखवायला घेतलेल्या अरुंद फिल्मच्या प्रती शिल्लक राहिल्या. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बटाट्यांच्या पेटीशेजारी, पत्र्याचे चव्वेचाळीस डबे. पत्नी गेल्यावर त्यांनी ते वर आणले. माझा नवरा एकदा आला, अर्ध्यात झोपला, परत आला नाही. माझी लेक लहान असताना यायची, पुढे "लांगवाइलिग" म्हणून, म्हणजे कंटाळवाणं म्हणून, तिने सोडून दिलं. मग आम्ही दोघंच. ते मला गमतीने "फ्राऊ नाखबारिन" म्हणत, म्हणजे शेजारीणबाई, आणि झी म्हणत, म्हणजे अहोजाहो. मीही त्यांना झीच म्हणायचे.

मी एक वही केली होती. प्रत्येक डब्यातल्या पाट्या त्यात उतरवायच्या, खाली मराठी अर्थ आणि मला दिसलेलं काहीबाही. दिवाणखान्यातल्या प्रसंगात टेबलक्लॉथ वाऱ्याने फडफडतो, असं मी एकदा लिहिलं. आजोबा म्हणाले, दिवे कमी पडायचे म्हणून तिकडे बिनछपराच्या खोल्या बांधत आणि उन्हात चित्रण करत. मग मला प्रत्येक खोलीत वारा दिसायला लागला. ही माणसं कोण होती, याचं वेडच लागलं. ग्रंथालयातून पुस्तकं आणली. दुकानात टोप्या विकणारी मुलगी सहा महिन्यांत नायिका व्हायची. टायपिस्ट म्हणून आलेली कथा लिहायला लागायची, कथा लिहिता लिहिता दिग्दर्शन करायला लागायची, आणि पाटीवर नाव मात्र पुष्कळदा पुरुषाचं यायचं. धंद्यात मोठा पैसा आला तशा या बायका हळूहळू बाजूला सारल्या गेल्या. ते वाचताना मला राग यायचा, जणू माझ्याच ऑफिसातली गोष्ट आहे.

डबा नंबर सातमध्ये एक मोलकरीण मालकिणीची टोपी घालून कपाटाच्या आरशासमोर मिरवते. कपाटाचं दार क्षणभर हलतं आणि आरशात कॅमेऱ्यामागची बाजू दिसते. "थांबा, मागे घ्या!" मी ओरडले होते. आजोबांनी तीनदा मागे घेतलं. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारा माणूस, आणि त्याच्या शेजारी खोक्यावर बसलेली एक बाई, केसात पेन्सिल खोचलेली. ती हात वर करते आणि तेवढ्यात मोलकरीण वळते. म्हणजे खूण ती बाई देत होती. पाटीवर दिग्दर्शक म्हणून पुरुषाचं नाव होतं. आजोबा म्हणाले, "हा डबा मी लहानपणापासून बघतोय. मला नाही दिसली कधी." त्या दिवशी मी जिने उड्या मारत चढले होते.

मग दिवाळीच्या फराळाला मी एका मुलीला बोलावलं. सांगलीची, इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारी. खराब झालेली चित्रं संगणकावर दुरुस्त करणं हा तिचा विषय. चकली खात म्हणाली, "ताई, जुन्या फिल्म मिळाल्या ना, तर माझं अर्धं काम होईल." मीच म्हणाले, "अगं, खाली चल की रविवारी."

ती आली आणि पहिल्याच दिवशी प्रोजेक्टरचा सैल झालेला पट्टा तिने केसांच्या रबरबँडने चालू करून दिला. आजोबा टाळ्या वाजवून हसले. सहा वर्षांत ते माझ्यासमोर असे हसले नव्हते. ती चुकीचं जर्मन बिनधास्त बोलायची, मध्येच "आल्झो" आणि "गेनाऊ", म्हणजे 'तर मग' आणि 'अगदी बरोबर', पेरायची, आणि तिच्या चुका त्यांना गोड वाटायच्या. माझ्या ते सुधारायचे. तिसऱ्या रविवारी कॉफी ओतताना त्यांनी तिला विचारलं, "डू, तुला साखर?"

डू. अरेतुरेतलं, घरच्या माणसाला म्हणायचं डू. माझ्या हातातला कप बशीवर जरा जोरात आपटला. "आणि तुम्हाला, फ्राऊ नाखबारिन?" त्यांनी मला अदबीने विचारलं. मी साखर घेत नाही हे त्यांना सहा वर्षं माहीत होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, नातीच्या वयाची पोरगी आहे. तुला काय करायचंय?" त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पुढचे दोन रविवार डोकं दुखतंय असं सांगून मी गेले नाही. आणि वर बसून खालची हसण्याची चाहूल घेत राहिले, हे लिहायला आज लाज वाटते.

हिवाळ्यात तिने डबा नंबर सात प्रयोगशाळेत नेऊन स्कॅन केला. एका संध्याकाळी धावत वर आली. "ताई, बघा ना! आरशात कोणीतरी आहे!" तिच्या लॅपटॉपवर माझी बाई, पेन्सिलीच्या टोकापर्यंत स्वच्छ. मी म्हणायला हवं होतं, हो गं, मला दिसली होती. मी म्हणाले, "अरे वा." ती पुढे म्हणाली, "एका छोट्या थिएटरात रविवारी सकाळचा खेळ ठेवलाय, मी बोलणार आहे. आजोबा म्हणाले, तुमची एक वही आहे. मिळेल का?"

वही तिच्या पाठीमागच्या फडताळात होती. पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता. "घर आवरताना गेली बहुतेक," मी म्हणाले.

त्या वहीत काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. डबा नंबर एकोणीसमध्ये टपाल कार्यालयाचा एक प्रसंग आहे. खिडकीमागची कारकून बाई दोन क्षण दिसते, केसात तशीच पेन्सिल, तोच रुंद जबडा. त्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवर कारकून बाईच्या भूमिकेपुढे जे नाव आहे, तेच 'कथा' या शब्दापुढे आहे. आणि सातव्या डब्याची कथाही त्याच नावाची. आरशातली बाई कोण, याचं उत्तर फक्त माझ्याकडे होतं. मुलीने एकोणीस नंबर पाहिला नव्हता. मी तिला पाहायला सांगितलं नाही.

खेळाला पन्नासेक माणसं होती. आजोबा पहिल्या रांगेत, कोट घालून. मुलगी छान बोलली. आरशाचं चित्र मोठ्ठं करून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी श्वास ओढला. मग मागून एका गृहस्थांनी विचारलं, "पण ही दिग्दर्शनच करतेय कशावरून? नायिकेची आई असेल. जेवणाचा डबा घेऊन आली असेल." लोक हसले. मुलगी गोंधळली. "ते... आम्हाला अजून सांगता येत नाही," ती म्हणाली. त्यांनी आणखी एक खोचक प्रश्न टाकला. तिचे कान लाल झाले, कागद हातातून घसरले.

खरं सांगते, मला बरं वाटलं. अगदी स्पष्ट, उन्हासारखं बरं वाटलं. ते क्षणभरच टिकलं. पडद्यावर ती बाई खोक्यावर बसलेली होती, आणि खाली लोक तिला डबा घेऊन आलेली आई म्हणून हसत होते. ते हसू मी होऊ दिलं होतं.

तरीही मी उठले नाही. उठले ते आजोबा. काठी टेकत मागे वळून ते सगळ्या सभागृहाला म्हणाले, "ही बाई पहिल्यांदा दिसली ती माझ्या शेजारणीला. कितीतरी वर्षांपूर्वी. ती तिथे चौथ्या रांगेत बसली आहे. तिला विचारा."

पन्नास माना वळल्या. मी उभी राहिले. शब्द आले, पाट्यांवरचे जुन्या वळणाचे शब्द, आणि मी डबा नंबर एकोणीसची सगळी हकीकत सांगितली. नाव कुठे कुठे आहे ते सांगितलं. हात वर होतो आणि मग नायिका वळते, हे चित्र परत दाखवायला लावलं. ते गृहस्थ म्हणाले, "हं. हे पटतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, टाळ्या न वाजवता.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर तिने मला गाठलं. "ताई, वही गेली म्हणाला होतात."

"नव्हती गेली."

"मग?"

"द्यायची नव्हती मला."

"का पण? मी काय केलं तुमचं?"

काय सांगणार? आजोबा तुला डू म्हणतात हे? चाळिशी उलटलेल्या बाईने? पण दुसरं कारण नव्हतं, म्हणून तेच सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "मी तिथे उभी असताना तुम्ही मजा बघत होतात," ती म्हणाली आणि पुढच्या ट्रामने गेली.

त्या आठवड्यात मी खाली जाऊन आजोबांनाही सगळं सांगितलं. डूचंसुद्धा. ते चकित झाले. "पण ते तुम्ही सुचवायचं असतं!" ते म्हणाले. "आमच्या जुन्या रीतीत पुरुषाने बाईमाणसाला डू सुचवणं म्हणजे उद्धटपणा. ती तर पोर आहे. तुमची मी वाट बघत होतो." मी तिथल्या तिथे डू सुचवलं. त्यांनी उठून हात मिळवला. पुढे दोन महिने आम्ही दोघंही अडखळत होतो.

वही मी मुलीच्या विभागात पोस्टाने पाठवली, वर एक चिठ्ठी ठेवून. महिनाभर उत्तर नाही. मग फोन आला. ती लेख लिहीत होती. "दोघींची नावं घालतेय," म्हणाली, "आधी माझं." मी हो म्हणाले. आधी तिचं का, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. वहीतले मराठी अर्थ वाचून आपल्याला घरची आठवण आली, एवढं मात्र तिने आपणहून सांगितलं.

आता ती कायझर्सलाउटर्नला संशोधन संस्थेत असते. चव्वेचाळीस डबे आजोबांनी एका संग्रहालयाला दिले, प्रोजेक्टर ठेवला. रविवारी आम्ही लॅपटॉपवर तिने दुरुस्त केलेल्या प्रती बघतो आणि तिला व्हिडिओ कॉल लावतो. ती मला अजून ताई म्हणते, पण पहिल्यासारखं मोकळं बोलत नाही, आणि त्याबद्दल मला तक्रार करता येत नाही. आजोबा पडद्यावर तिला बघून हसतात तेव्हा मला आजही बारीकसं खुपतं. मी कॉफी करायला उठते, आणि परत येऊन बसते.