काडी खोचलेला झेंडू

साधनाचा एक फार त्रासदायक स्वभाव होता. समजल्याशिवाय तिला पाठच करता यायचं नाही. इंजिनीअरिंगला अशी माणसं मार खातात. आम्ही बाकीच्या पोरी सूत्रं घोकायचो, पेपरात उतरवायचो आणि बाहेर आल्या आल्या विसरून मोकळ्या व्हायचो.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एम-थ्री नावाचा गणिताचा पेपर होता. त्याच्या शेवटी व्हेक्टर कॅल्क्युलस. उलटा त्रिकोण काढायचा, त्याला डेल म्हणायचं, तो वाहत्या पाण्याच्या वेगापुढे मांडून एका ठरावीक रीतीने गुणलं की येतं ते कर्ल. सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "कर्ल म्हणजे फिरणं. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. साधनाने हात वर केला. "सर, फिरणं कोणाचं?"

"परीक्षेत विचारत नाहीत ते," सर म्हणाले आणि डस्टर उचललं.

या एका प्रश्नावर ती अडली ती अडलीच. एम-थ्रीत दोनदा नापास झाली. आता पुन्हा नापास झाली असती तर वर्ष वाया. २००५च्या दिवाळीच्या सुट्टीत ती ट्रंक घेऊन घरी गेली, आणि मला, म्हणजे तिच्या रूममेटला, निरोप पाठवला, 'नगमा, मी आता येत नाही. माझी खाट दुसरीला दे.'

माझं डोकंच सणकलं. माझं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, तिचं गाव तिथून ऑटोने जाण्याइतकं जवळ. भाऊबीज झाल्यावर मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघाले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "सारे कालव्यावर हायेत."

त्या वर्षी कापसाने दगा दिला म्हणून जो तो झेंडूकडे वळला होता. दिवाळीला बाजारात एवढा झेंडू आला की कोणी विचारेना. लोक तिथेच पोती उलटी करून निघून गेले. साधनाच्या वडिलांनी, भगवंतकाकांनी, मात्र सगळा माल परत आणला. त्यांच्या घरात देवासाठी तोडलेलं फूल पायदळी येऊ देत नाहीत. विकलं नाही तर वाहत्या पाण्यात सोडतात. हरभऱ्यासाठी कालव्याला नुकतंच पाणी आलं होतं. काका, जयवंताकाकू आणि साधना टोपल्या रिकाम्या करत होते. कालवा या काठापासून त्या काठापर्यंत केशरी झाला होता. इतकं सुंदर आणि इतकं वाईट एकाच वेळी मी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, हिले सांगा न काही," मी म्हणाले.

"मी काय सांगू, माय? समजत नाही म्हनते. जबरदस्ती कशी करू?"

मी साधनाचा हात धरून तिला कालव्याच्या लोखंडी गेटजवळ ओढत नेलं. तिथे खांबापाशी भोवरा पडला होता. "हे पाह्य. पानी गोल फिरून राहिलं. हेच तुहं कर्ल. झालं समाधान? चाल आता कॉलेजले."

"पानी फिरते वं. पन फूल फिरते का?"

झेंडू पडला गोल, तो फिरतो की नाही हे कळणार कसं? तिने कडुनिंबाची काडी मोडली, फुलात आडवी खोचली आणि फूल सोडलं. फूल भोवऱ्याभोवती घिरट्या घालू लागलं. काडीचं टोक मात्र प्रत्येक घिरटीत पलीकडच्या शेतातल्या विहिरीवरच्या खोलीकडेच राहिलं. अगदी मधोमध ओढलं गेलं तेव्हाच फूल स्वतःभोवती गरगरलं.

मग ती गेटपासून दूर, कालवा सरळ वाहत होता तिकडे धावली. मधल्या धारेत एक फूल सोडलं. काडी हलली नाही, फूल नीट पुढे गेलं. दुसरं काठाजवळ सोडलं. तिथे भोवरा नाही, काही नाही, पाणी सरळ चाललेलं. आणि ते फूल जात्यासारखं स्वतःभोवती सावकाश फिरू लागलं.

"काठाले पानी हळू चालते, आतून जोरात," साधना म्हणाली. "एक बाजू मागं राह्यते, दुसरी पुढं जाते. म्हनून फिरते. नगमा, फिरनं फुलाचं हाय!"

ती तिथेच उकिडवी बसली, चिखलात काडीने उलटा त्रिकोण काढला आणि त्यापुढे पाण्याचा वेग मांडला. काठापाशी उत्तर आलं ते शून्य नव्हतं. मधल्या धारेत शून्य आलं. भोवऱ्यात मध्याकडे वेग वाढत जातो असं धरून घिरट्यांसाठी मांडलं, तिथेही शून्य. त्या त्रिकोणाने एकही फूल पाहिलं नव्हतं, तरी कोणतं फिरेल आणि कोणतं नाही हे त्याला ठाऊक होतं. तेच सूत्र मी पाठ करून पास झाले होते. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं आणि मी खुळ्यासारखी हसत सुटले.

काका रिकामी टोपली धरून मागे उभे होते. "मधातलं कावून नाही फिरत?"

"दोन्ही बाजूनं सारखाच जोर हाय, बाबा."

त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवली. घरी आल्यावर त्यांनी ट्रंक लूनाला बांधली. "चाल, अमरावतीची गाडी भेटून जाईन," एवढंच म्हणाले.

साधना एम-थ्री पास झाली. फार मार्कांनी नाही, पण झाली, आणि पुढचं सगळं शिक्षण तिने त्याच खोडीने, प्रत्येक गोष्टीला नडत पूर्ण केलं.

पुढच्या दिवाळीतही झेंडू बाजारातून न विकताच परत आला. साधनाने बोलावलं म्हणून मी गेले, पण काका-काकूंचे चेहरे पाहायची हिंमत होत नव्हती. कालव्यावर पोचले तर काकू काठावर बसून फुलांत काड्या खोचत होत्या. काका टोपली उलटी करत नव्हते. एकेक फूल हातात घेऊन, वाकून, काठापाशी सोडत होते.

"नगमा, थांब, पाह्य," काका म्हणाले. "आता हे फिरते."

फूल थोडं पुढे गेलं आणि सावकाश फिरलं. काकांनी टोपलीतलं दुसरं उचललं.