विहीणबाईंची दुनळी

माझा मुलगा मला आई म्हणतो आणि त्याच्या सासूला मुट्टी. मुट्टी म्हणजेही आईच. हे मला कळलं तेव्हा मी जर्मनीत, इंगोलश्टाटला, त्याच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. त्या दिवशीची कणीक जरा जास्तच मळली गेली.

तशा विहीणबाई वाईट नाहीत, आणि हीच तर पंचाईत आहे. वाईट असत्या तर मी सुखाने नावं ठेवली असती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, यजमान जाऊन चार वर्षं झालेली, जवळच्या खेड्यात एकट्या राहतात आणि शिकार करतात. म्हणजे रीतसर, परीक्षा देऊन, परवाना काढून. शेतं उकरणारी रानडुकरं मारतात आणि मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. शेवटचा घास म्हणे. आम्ही शाकाहारी माणसं, पण ते ऐकून मलासुद्धा बरं वाटलं. बरं वाटलं याचाही रागच आला.

यंदा मी नव्वद दिवसांच्या व्हिसावर गेले होते. मुलगा मोटारींच्या कारखान्यात चाचणीच्या कामावर. सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. पण शेवटचे दोन आठवडे त्याची सुट्टी, म्हणजे ऊरलाउब, शिल्लक होती. मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. कुठे जायचं नाही, काही बघायचं नाही, नुसतं त्याच्यासमोर बसायचं.

पोचून आठवडा झाला नाही तोवर म्हणतो, "आई, त्या दोन आठवड्यांत मी मुट्टीबरोबर आफ्रिकेला चाललोय. रानरेड्याच्या शिकारीला."

"तू मारणार?"

"नाही गं. ती मारणार. मी नुसता बघणार."

"बघायला मी आहे की इथे," मी म्हटलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

तेव्हापासून घरात एकच विषय. बंदूक कुठली न्यायची? मला वाटायचं बंदूक म्हणजे बंदूक. तर नाही. एक असते दुनळी. शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन चाप, गोळ्या फक्त दोन. पण पहिली उडाली की हात न हलवता लगेच दुसरी. दुसरी असते एका नळीची, तिला मी कडीची बंदूक म्हणायचे. प्रत्येक गोळीनंतर दाराच्या कडीसारखा दांडा चिमटीत धरून उचलायचा, मागे ओढायचा, पुढे सारायचा. पण तिच्यात चार गोळ्या मावतात, वर दुर्बीण बसते, नेम लांबवर लागतो. रानरेडा जखमी झाला तर पळत नाही, उलटून अंगावर येतो. तेव्हा दुसरी गोळी किती लवकर सुटते यावर माणसाचा जीव असतो.

दुनळी विहीणबाईंच्या यजमानांची होती, जड आणि खांद्याला लाथ मारणारी. कडीची त्यांनी नवी घेतली होती. माझ्या लेकाने दोन्हींचा तक्ता केला. वजन, धक्का, नेम, दुसऱ्या गोळीला लागणारा वेळ. मला डोळ्यांचा नंबर काढायला न्यायला त्याला तीन वर्षं सवड झाली नव्हती हो!

"कडीचीच न्यावी," तो म्हणाला. "आकडे तेच सांगतायत."

दर रविवारी चार वाजता विहीणबाईंकडे कॉफी आणि केक. केक झाला की त्या पोलादी कपाटातून बंदूक काढायच्या, खोटी काडतुसं भरायच्या आणि बागेच्या दारात उभं राहून सराव करायच्या. बंदुकीला हात त्यांनीच लावायचा, तसा कायदा आहे. माझा लेक फोनवर वेळ मोजायचा. "झुपर, मुट्टी!" ते दोघं असे रंगायचे की सूनबाई आणि मी भिंतीवरच्या चित्रांसारख्या.

अशाच एका रविवारी मी स्वयंपाकघरात त्यांना मदत करत होते. त्यांनी लोणच्याच्या काकड्यांची बरणी माझ्यापुढे केली. "बिटं." म्हणजे प्लीज. मी झाकण उघडून दिलं. मग बघितलं तर त्या कपाटाची किल्ली डाव्या हाताने फिरवतात, कप दोन्ही हातांनी धरतात. मी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आहेत, कात्री धरून धरून माझाही अंगठा गेलेला आहे. बुडाशी दुखतं ते. ढकलता येतं, दाबता येतं, पण चिमटीत काही पकडायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. त्यांनी माझी नजर पाहिली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी मान हलवली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आपल्या कपाटात एक ठेवणीतली साडी असल्यासारखं वाटलं, वेळ आली की काढायची.

तीन रविवार मी गप्प राहिले. मग परत सराव लागला. पहिली खोटी गोळी ठीक. कडी उचलताना त्यांचा हात निसटला. पुन्हा केलं, पुन्हा निसटला. त्या हसून म्हणाल्या, नवीन आहे, घट्ट आहे.

माझा लेक लगेच, "मी तेल घालून देतो, मुट्टी. मी असेन ना तिथे."

मी असेन ना तिथे! माझ्या दोन आठवड्यांत!

"बंदूक नाही अडत," मी म्हटलं. "अंगठा अडतोय." आणि विहीणबाईंना कळावं म्हणून त्यांच्या भाषेतही सांगितलं, "दाउमेन कापुट."

सूनबाईने उठून आईचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, विहीणबाई कळवळल्या. मग जर्मनमध्ये जे काही झालं ते मला अर्धंच कळलं, पण "आफ्रिका नाही" एवढं कळलं. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, तू बोललीस म्हणून. नाहीतर तिथे रेड्यासमोर..." आणि त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

किती दिवसांनी टेकलं होतं. मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

थोड्या वेळाने मी बश्या ठेवायला आत गेले तर विहीणबाई ओट्याशी उभ्या. माझ्याशी त्या लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलतात.

"तुम्ही बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला आनंद झाला."

"जा," मी म्हटलं. त्यांच्यात हो म्हणायला जा म्हणतात. खोटं बोलण्याइतकं जर्मन मला येत नाही.

त्या एकदम हसत सुटल्या. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. हसतच बाहेर गेल्या, कपाट उघडलं आणि यजमानांची दुनळी काढली. दोन चाप बोटाने ओढायचे. अंगठ्याने एक छोटी कळ नुसती पुढे ढकलायची, धरायचं काही नाही. पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आल्या. खांदा निळा, पण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या कागदावर वीतभर अंतरात. मुलाने तक्ता पुसून टाकला, आफ्रिका पुन्हा पक्की झाली. माझा डाव बाईंच्या कामी आला होता.

आणि मग रविवारी, कॉफी ओतता ओतता, त्या माझ्या लेकाला म्हणाल्या, "तू येऊ नकोस. आता मोजायला काही उरलं नाही. तिथे वाटाड्या आहे माझ्याबरोबर. तुझी आई इथे आहे."

"पण मुट्टी—"

"श्लुस." म्हणजे विषय संपला.

झालं. मिळाले मला माझे दोन आठवडे. पण मिळाले कसे, तर तिने दिले म्हणून. भांडून मिळाले असते, रडून मिळाले असते, तरी चाललं असतं. हे असं, केकच्या तुकड्यासारखं, बशीत घालून!

विहीणबाई एकट्याच आफ्रिकेला गेल्या. लेक रोज माझ्यासोबत होता, कुरकुर न करता. मला तळ्यावर नेलं, बाजारात नेलं, चष्मासुद्धा करून दिला. पण दर पाच मिनिटांनी फोन बघायचा. दोन दिवस काहीच खबर नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तळ्याकाठच्या बाकावर कॉफी घेऊन बसलो होतो. तेव्हा मीच त्याला विचारलं, "आला का गं बाई तिचा काही निरोप?" त्याला 'गं बाई' म्हटलं मी, इतकं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. तो उठून पाण्याकडे गेला. काही ऐकलं आणि ओरडला, "आई! दोन्ही गोळ्या! रेडा वळला होता, पण दुसरी लगेच लागली. सुखरूप आहे ती!"

मी दोन्ही तळवे मांडीवर दाबून धरले आणि मनापासून देवाचं नाव घेतलं. हे लिहून ठेवते, कारण पुढचंही लिहायचं आहे.

तो तिथेच उभा राहून बोलत होता, पाठ माझ्याकडे, मोकळा हात हवेत. "नाइन! एश्ट, मुट्टी?" खरंच का, खरंच का, असं विचारत लहानपणी हसायचा तसा खिदळत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोन्ही कागदी कप निवत चालले होते. मी माझी कॉफी प्यायले. मग त्याचीही प्यायले.