राया मावशींचा बोर्श आणि माझं भाषांतर

आमच्या आईने अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, हॉलभर माणसांना रडवलं. तिची काही चूक नव्हती. चूक माझ्या सभ्यपणाची होती.

त्याचं असं झालं. आमच्या शेजारी राया मावशी राहतात. ज्यू, मूळच्या युक्रेनमधल्या खार्किवच्या, वय ऐंशीच्या पुढे. चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत आल्या आणि तेव्हा जेवढं इंग्रजी शिकल्या, त्यावरच अजून भागवतात. आई नागपूरहून आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात दोघींचं गूळपीठ जमलं. आईला फक्त मराठी, मावशींना इंग्रजीसारखं काहीतरी आणि मध्ये मी, दुभाष्या! (दोन देशांत तह घडवून आणल्याच्या थाटात मी बोलत असे.)

त्या हिवाळ्यात मावशींच्या सिनेगॉगने युक्रेनियन संध्याकाळ ठरवली. लढाईमुळे घरदार सोडून आलेली काही कुटुंबं गावात नवी होती. त्यांच्यासाठी गाणी, नाच आणि मावशींच्या आईच्या पद्धतीचा बोर्श, म्हणजे बिटाचं सार. नेमका आदल्या दिवशी मावशींचा पाय बर्फावरून घसरला आणि उजवा हात गळ्यात आला.

"टेल मामा," मावशी मला म्हणाल्या (मामा म्हणजे माझी आई), "मी सांगेन, तिने करायचं. नाच चुकला तरी चालेल, पण त्या लोकांना घरची चव मिळाली पाहिजे!"

मी भाषांतर केलं. आईने पदर खोचला.

सिनेगॉगच्या स्वयंपाकघराच्या दारातच एका उंच बाईंनी आम्हाला अडवलं. बाहेरचा जिन्नस आत न्यायचा नाही! दूध आणि मांस एकत्र चालत नाही, भांडीसुद्धा वेगळी. आईचा मसाल्याचा डबा गाडीत परत गेला.

"सोवळं आहे म्हण की!" आई खूश झाली. "अगदी माझ्या सासूबाई आहेत या."

मग ओट्यावर तिला शेपूचा डोंगर दिसला. तिचा चेहरा असा फुलला, की जणू माहेरचं माणूस भेटलं. मी लहानपणापासून शेपूच्या वासाने घराबाहेर पळणारा माणूस. त्या उंच बाईंनी मलाच पानन्‌पान उजेडात धरून किडे शोधायला बसवलं!

दुपारभर दोघी रांधत होत्या. मावशी डाव्या हाताने खुणा करायच्या, आई मान डोलवायची. बीट, कोबी, बटाटे, वरून शेपू. मधेच मावशी एक जुनं गाणं गुणगुणायला लागल्या आणि आई पळीने पातेल्यावर ताल धरू लागली. मला ती दुपार अजून त्या वासासकट आठवते. (शेपूच्या. दुर्दैवाने.)

शेवटी मावशींनी आईला चव घ्यायला लावली. आईने तोंड वाकडं केलं.

"अगदीच मिळमिळीत आहे रे बाप्पा! आजारी माणसाचं जेवण."

"काय म्हणते मामा?" मावशींनी डोळे मोठे करून विचारलं.

आता ऐंशीच्या बाईला, हात गळ्यात अडकवलेला असताना, तिच्या आईच्या पद्धतीचं सार मिळमिळीत आहे असं कसं सांगायचं?

"ती म्हणते, अगदी आमच्या घरच्यासारखं!"

मावशींचे डोळेच भरून आले. "मग शेवटचा हात तिनेच फिरवू दे. मी कपडे बदलून येते."

"आई, मावशी म्हणतात, आता तुझ्या हिशेबाने कर," मी म्हणालो आणि खुर्च्या मांडायला गेलो.

गाडीत मसाला असला म्हणून काय झालं? त्यांच्या फ्रिजमध्ये हिरव्या मिरच्या होत्या, लसूण होता, आणि आई नागपूरची होती!

संध्याकाळी हॉल भरला. भरतकामाचे सदरे, डोक्यावर फुलांचे मुकुट. पहिल्या रांगेत एक आजोबा बसले होते. इथे आल्यापासून ते कोणाशी शब्द बोललेले नव्हते. बोर्श वाढला गेला. पहिला घोट. मग एकेकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या!

रब्बाय, म्हणजे त्यांचे गुरुजी, गहिवरून उभे राहिले. "पाहा! एका घोटात मायदेश आठवला!"

तेवढ्यात ते आजोबा बोलले. मोठ्याने, हात वर करून.

"आजोबा बोलले!" रब्बाय मावशींकडे वळले. "काय म्हणाले?"

"पाणी!" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः एक चमचा तोंडात घातला. पुढचं अर्धं मिनिट त्या कुठल्याच भाषेत बोलू शकल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या.

"तू म्हणालास, घरच्यासारखं!"

"आमच्या घरच्यासारखं," मी पुटपुटलो.

मला वाटलं, संपलं. मावशींची एवढी एकच इच्छा होती, ती मी बुडवली. पण आजोबांनी सारात साईचं दही ओतून वाडगा पुढे ओढला आणि हसत मावशींना काहीतरी सांगितलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा तोंडाला चव आली म्हणे! मग खोकत खोकत त्यांनीच गाणं सुरू केलं. हॉल उठून नाचला. आईसुद्धा, मावशींचा डावा हात धरून.

आई आता नागपूरला असते. दर रविवारी दोघी व्हिडिओ कॉलवर तासभर खिदळतात. मी एकदा मध्ये डोकावून विचारलं, "काही समजावून सांगू का?"

"नको रे," आई म्हणाली, "तू सांगितलंस की आमचं काही कळेनासं होतं."