गाडी येऊन राहिली

जगात वाट पाहणारी माणसं पुष्कळ आहेत, पण वाट पाहायला मिळाली म्हणून पंगतीत पहिलं पान मिळाल्याइतका खूश होणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याला असतात, मी अमरावतीला. आमच्या वऱ्हाडात साडू साडूला ‘साडभाऊ’ म्हणतो. हे नातं मोठं मजेचं. रक्ताचा संबंध नाही, जमिनीचा वाद नाही. दोघांचा सासरा एक, त्यामुळे एकाचं दुःख दुसऱ्याला न सांगता कळतं.

साडभाऊ अमरावतीला यायला निघाले की स्टँडवर इतक्या लवकर जात, की आधीची बस अजून उभी असायची. तिच्यात ते बसत नसत. कंडक्टर बोलवायचा, ‘काका, जागा हाये, या!’ तर हे हात हलवून त्यालाच निरोप देत, ‘जा बाप्पा, हे आपली नाही. आपली मांगून येते.’ रेल्वेचं फाटक पडलं की बाकीचे लोक हॉर्न वाजवतात, वाकून पलीकडे जातात, रेल्वेखात्याचा उद्धार करतात. साडभाऊ स्कूटर स्टँडला लावून खाली उतरत, रुमालानं सीट पुसत आणि शेजारच्याची विचारपूस सुरू करत. एका सोयरिकीची बोलणी त्यांनी अशीच फाटकात पक्की केली होती. मालगाडी लांब होती म्हणून जमलं, असं ते सांगतात. ती स्कूटरही अशीच मिळालेली. त्या काळी स्कूटरसाठी आधी नंबर लावावा लागे आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. लग्नाच्या बोलणीत मध्यस्थानं मुलाची नोकरी, शेती सांगून झाल्यावर आवाज उंचावून सांगितलं होतं, ‘अन् मुलानं स्कूटरले नंबर लावेल हाये!’ आमचे सासरे वरूडचे, संत्र्याचे बागाईतदार. कलम लावून फळाची वाट पाहण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, ‘जो माणूस स्कूटरसाठी इतका थांबते, तो आपल्या पोरीले टाकून कुठी जात नाही.’ लग्न जमलं. स्कूटर मात्र थोरला मुलगा चालायला लागल्यावर आली.

अशा माणसाला म्हातारपणी मोटारीची हौस का सुटली, त्याला कारण होतं. ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, बस लागायची. अशी लागायची की मूर्तिजापूर यायच्या आत खिडकी, लिंबू आणि पिशवी तिन्ही कामाला येत. वरूडला माहेरच्या दारात त्या उतरत तेव्हा चेहरा पांढरा, पदर ओला. भाकरतुकडा घेऊन ओवाळायला आलेली भावजय ताट ठेवून आधी पाण्याला पळे. हळूहळू ताईंचं माहेरी जाणंच कमी झालं. संत्र्याची तोडणी आली की भावाचा फोन येई, ‘ताई, येतं काय?’ आणि ताई म्हणत, ‘पाहू.’ ते ‘पाहू’ साडभाऊंना फार लागे. एकदा ते मला म्हणाले, ‘साडभाऊ, हे बाई माहेरच्या दारात हासत उतरलेली मी अजून पायली नाही. एकदा डोळ्यानं पायची हाये मले. मी चालवीन, हे बाजूले बसन, अन् वरूडले ताजीतवानी उतरन. बस, मंग आपलं काही म्हणणं नाही.’

गाडी ठरली. शोरूमवाला चाचरत म्हणाला, ‘काका, या मॉडेलला वेटिंग खूप आहे. वर्षही लागू शकतं.’ दुसरं गिऱ्हाईक उठून गेलं असतं. साडभाऊंचा चेहरा उजळला. घरी येऊन त्यांनी बुकिंगचा मुहूर्त काढला, कारण त्यांच्या मते बुकिंग म्हणजे साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच. पोरगी पसंत पडली, आता लग्न लागेपर्यंत दोन्हीकडच्यांनी दम धरायचा. साक्षगंधाला आम्ही दोघं नवराबायको अमरावतीहून गेलो. नारळ, पेढे, हळदकुंकवाचा करंडा असा सगळा जामानिमा होता. मॅनेजरला दुपट्टा-टोपी केली. तो त्या टोपीत जो संकोचून उभा राहिला तो फोटो होईपर्यंत हललाच नाही. ताई समोरच्या गाडीला कुंकू लावायला पुढे झाल्या तसा तो घाईनं म्हणाला, ‘मॅडम, ही डेमोची आहे. तुमची वेगळी येईल.’ साडभाऊ म्हणाले, ‘लावू द्या हो. हे तिची मोठी बहीण समजा.’ त्या दिवसापासून मॅनेजर व्याही झाला. दर आठवड्याला कधी सीताफळं, कधी वांगी घेऊन हे शोरूममध्ये जात आणि सगळ्यांसमोर विचारत, ‘काय म्हणते आमची पोरगी?’ कंपनीकडे चिपचा तुटवडा आहे, असं एकदा कळलं. ताईंनी गच्चीवर आलूचे चिप्स वाळत घातले होते. साडभाऊंनी त्यातले मूठभर पुडीत बांधून नेले. ‘पाहा व्याहीबुवा, यानं भागते काय.’

घरी अंगणात टिनाचं शेड उभं राहिलं. आलेल्या पाहुण्याला ते रिकामं शेड आधी दाखवायचे आणि मग बसा म्हणायचे. पुतण्यानं दुसऱ्या कंपनीची तयार गाडी सुचवली, तर त्याला म्हणाले, ‘साक्षगंध एकीशी अन् लग्न दुसरीशी? तुमच्या पिढीत चालत असन.’ ताईंनी शेडमध्ये मिरच्या वाळवल्या, मुगाच्या वड्या वाळवल्या. ‘गाडी येईन तवा येईन, माहं वाळवण तं झालं,’ असं त्या म्हणत. पण संध्याकाळी त्या वाळवण बाजूला सारत आणि त्या जागी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या फाटकाकडे तोंड करून मांडल्या जात. उजवीकडे साडभाऊ, डावीकडे ताई. चहा पीत दोघं अकोल्याहून निघायची. बडनेऱ्याला आम्हाला फोन, अमरावतीला आमच्या घरी नाश्ता, मोर्शीला रस, मग वरूड. मी कधी गेलो तर मागे तिसरी खुर्ची टाकून मलाही नेत. इतके प्रवास मी त्या शेडमध्ये केले आहेत आणि खरं सांगतो, त्यासारखे प्रवास मला पुन्हा घडले नाहीत.

आणि मग तो फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातली एक गोड आवाजाची मुलगी विचारत होती, ‘सर, आपली गाडी आली का?’

‘येऊन राहिली ना बाई!’ साडभाऊ उत्साहानं म्हणाले.

‘अरे वा! अभिनंदन सर. काही तक्रार?’

‘तक्रार कायची? तुमचे लोकं लय चांगले हायेत.’

तिनं आनंदानं नोंद केली, की गाडी मिळाली आणि गिऱ्हाईक समाधानी आहे. काही दिवसांनी साडभाऊ शोरूममध्ये गेले, तेव्हा त्यांच्याच रंगाची एक गाडी हार घालून उभी होती. बार्शीटाकळीचं एक कुटुंब पेढे वाटत होतं. हेही पेढा खाऊन, त्यांना आशीर्वाद देऊन आले. ती गाडी यांचीच होती, त्या फोनमुळे यांचं नाव यादीतून कमी झालं आणि ती पुढच्याला गेली, हे मॅनेजरला शोधाशोध केल्यावर कळलं. तो बिचारा रडकुंडीला आला. मी पुण्याला फोन लावून भांडायला निघालो, तर साडभाऊंनी मला खाली बसवलं. ‘त्या पोरीची काय चूक, साडभाऊ? तिच्या भाषेत येऊन राह्यलेला पाहुणा घरात असते. आपल्या भाषेत तो अजून रस्त्यात असते.’ नाव पुन्हा रांगेच्या शेपटीला लागलं. त्यांनी मॅनेजरला उलट चहा पाजला.

ही दुसरी वाट मात्र त्यांना महागात पडली. कप ठेवताना टेबलाची कड चुकू लागली. फाटकातून शिरताना खांदा घासू लागला. मी त्यांना अमरावतीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू बराच पुढे गेला होता. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळू, आणि गाडी अजिबात चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर ते रिक्षाची वाट पाहत उभे राहिले आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, ‘लय वेळ लावून राह्यला हा रिक्षावाला.’  घरी सांगू नका म्हणाले, म्हणून मी सांगितलं नाही.

सांगायची गरजही पडली नाही. त्या संध्याकाळी शेडमध्ये साडभाऊ डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. ताई चहा घेऊन आल्या, उभ्याउभ्याच पाहत राहिल्या, आणि काही न विचारता उजवीकडे बसल्या. त्या दिवशी कुणी वरूडला निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. साठी उलटलेली बाई, लाल ‘एल’ लावलेली गाडी आणि अकोल्याची रहदारी! पहिल्या आठवड्यात त्यांनी एक कुंपण आणि एका रसवंतीची दोन बाकडी पाडली. पण घरी येऊन त्यांनी जे सांगितलं ते ऐकून साडभाऊ हसता हसता खोकले. ‘अवो, चालवते तवा मले लागतच नाही! लागते ते बाजूले बसणाऱ्याले. हे मले कोनी आंधी काहून नाही सांगितलं?’

गाडी अखेर आली, तोडणीच्या दिवसांतच आली. आम्ही दोघं अमरावतीहून मागे बसलो. ताई कमरेत पदर खोचून चालवत होत्या. म्हशीलाही हॉर्न, शेळीलाही हॉर्न, रिकाम्या रस्त्यालाही एक हॉर्न. संत्र्यांचे ट्रक तर सोडाच, भरलेले ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकून जात. साडभाऊ म्हणत होते, ‘चालू दे सावकाश. घाई कायची हाये?’ पण मोर्शी मागे पडली तसे ते गप्प झाले. मी वाकून पाहिलं तर चेहरा पांढराफटक. आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या माणसाला, शेजारी बसल्याबसल्या, गाडी लागली होती! माझ्या बायकोनं पिशवीतून लिंबू काढून दिलं. ताई समोरची नजर न हलवता म्हणाल्या, ‘घ्या, वास घ्या. आता समजलं?’

वरूडला दारात गाडी उभी राहिली. भावजय पाणी आणि भाकरतुकडा घेऊन जावयाकडे म्हणून डावीकडे आली. साडभाऊ दाराला धरून कसेबसे उतरले आणि म्हणाले, ‘मले राहू द्या. पयले ड्रायव्हरले ओवाळा.’ सगळं घर उजवीकडे धावलं. पोरीबाळी, भाऊ, शेजारणी, असा ताईंभोवती गराडा पडला.

आम्ही दोघं साडू अलीकडेच उभे होतो. दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं. त्यांनी कपाळावर हात धरला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि मग माझ्या दंडाला धरून हळूच विचारलं, ‘साडभाऊ, हासत उतरली काय हे? या उन्हात मले नुसता धूर दिसून राह्यला.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘कशी? नीट सांगा नं.’

मी ताईंकडे पाहिलं.  इतकी वर्षं या माणसानं जे पाहायचं ठरवलं होतं ते माझ्यासमोर होतं आणि त्याच्यासमोर नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गर्दीतून ताईंचं हसू ऐकू आलं. मोकळं, मोठ्यानं, लग्नाआधी याच अंगणात हसल्या असतील तसं.

साडभाऊंनी हात वर करून मला गप्प केलं. लिंबू तसंच मुठीत धरून ते ऐकत राहिले, आणि ते हसू थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत.