पाळण्याजवळचा हक्क

आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वडशाला सासरी तिनेच पाठवलेले सुके झिंगे निवडत होते. डबा तसाच बंद केला... महिना होत आला, अजून उघडलेला नाही.

आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते, आणि मुलगी असली तर त्याच दमात सून म्हणून हक्कही सांगते. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात, तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घरांत, मामाची मुलगी करणं मानाचं. माझं नाव ठेवताना आत्याने तेच केलं. तिचा विलास तेव्हा अंगणात उघडा फिरत होता म्हणे. नवरदेव चालायला लागलेला, नवरी अजून पाळण्यात.

आत्याही अशीच नात्यात दिलेली. तिची थोरली पोर सांधे धरून विव्हळायची. सिकलसेल हे नाव घरात कळेपर्यंत ती गेली होती. पुढे माझ्या लग्नाचं निघालं, त्याच सुमारास गावात रक्ततपासणी झाली आणि विलास व मी दोघंही वाहक निघालो. नर्सबाईंनी समजावलं, तुम्हाला त्रास नाही. पण दोघांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकाच घराण्यात अशा दोघांची गाठ सहज पडते. भटजी म्हणाले, मामाची मुलगी करणं शास्त्रात नाही, पण रूढीने चालतं. बाबांनी सोयीचं तेवढं उचललं.

"गोत येगळं हाय. देवासमोर देल्लेला शब्द हाय," ते आत्याला म्हणाले.

ती मासे कापत होती. "शब्द माहा होता भाऊ, मीच वापस घेते. देव काई म्हणन तर त्याले सांग, माही पोरगी त्याच्यापाशीच हाय, तिले इचार."

मला विलास आवडत होता, मी खूप रडले. आत्याने समजूत घातली नाही. झिंगे भाजून ताट पुढे ठेवलं आणि मी जेवेपर्यंत जागची हलली नाही.

पुढे आमची दोघांची लग्नं तपासणी करूनच, वेगवेगळ्या गावी झाली. विलासच्या मुलीचं नाव मीच ठेवलं, आत्या म्हणून. कानात नाव सांगितलं तशा बायका हसत माझ्याकडे पाहू लागल्या. माझा मुलगा कडेवरच होता.

"नाव ठेव पोरी," आत्या म्हणाली, "हक्क नको ठेवू."

परवा तिच्या घरी गेले. पाळणा अजून आढ्याला आहे, त्यात झिंग्यांची टोपली. विलासची मुलगी तळ्यापासून धावत आली, "आत्या आली" म्हणत. कुठे थांबली नाही, कुठे गुडघा धरून बसली नाही.

उद्या तो डबा उघडते.