रोगट कळ्यांची लॅब

लॅबमध्ये धुवायच्या काचा साठतात ना, तसेच किस्से साठतात. सांगलीच्या कॉलेजात आम्ही यीस्ट या एकपेशी बुरशीवर काम करतो. पावातल्या नव्हे, माणसाला आजारी पाडणाऱ्या! तिला कळी फुटते, त्या कळीची नवी पेशी होते. या भानगडीत पेशीचं वरचं कवच कसं बदलतं, ते आम्ही बघतो. आम्ही म्हणजे मॅडम, माणचा सचिन, मी आणि आटपाडीचे शिपाईमामा.

*

मी मेढ्याची. गावी मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "काय करतीस गं?"

"बुरशीवर पीएचडी."

"लोणच्यावरच्या?"

"नाही, रोगाच्या."

चहा तसाच ठेवून मंडळी उठली. महिन्याभरानं त्याच बाईंचा फोन! मला वाटलं, विचार बदलला.

"बाई, नखाला बुरशी झालीय. काय लावू?"

*

सचिन आठवडाभर प्लास्टिकच्या ताटलीवरून पेशी धुवून काढत होता. शेवटी वैतागला. "मॅडम, लय घासलं, पण सुटंनातच की!"

मॅडम खुर्चीतून उडाल्याच. "अरे, कळी लांबली की कवच चिकट होतं! सुटत नाहीत हाच तर रिझल्ट! धुतोयस कशाला?"

*

नव्या मायक्रोस्कोपच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. फीत कापली, डोळा लावला. "वा! काय कळ्या फुटल्यात!" टाळ्या पडल्या.

सचिन माझ्या कानात म्हणाला, "आगं, स्लाइड अजून ठेवलीच न्हाई!"

*

मॅडमची प्राध्यापकपदासाठी मुलाखत झाली तो दिवस. समितीनं संशोधनावर एक प्रश्न विचारला आणि बाळंतपणाच्या दोन रजांवर पाच! पद गेलं हे त्यांना तिथंच कळलं. परत आल्या त्या थेट मायक्रोस्कोपला बसल्या. सकाळपासून खपून मी स्लाइड तयार केली होती.

मामा चहा घेऊन आले. कप मॅडमच्या हातात देऊन उभेच राहिले. मॅडम म्हणाल्या, "बघायचंय का, मामा?"

मामांनी टोपी काढून डोळा लावला. "एकीच्या अंगावर कडी चमकत्यात. दुसरी गुळगुळीत हाय."

"कडी आहेत ती आई. कळी सुटली की तिथं वण राहतो. गुळगुळीत ती लेक."

"आन् वणाचं काय हुतं?"

"एरवी वरच्या थराखाली ही लपून असते. वणापाशी आतलं उघडं पडतं. मग आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला तिथंच ओळखतात आणि धरतात."

मामा पुन्हा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"आवं मॅडम, म्हंजी इतकी लपल्याली बाई, पोरं झाली म्हणून घावली म्हणायची!"

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. इतक्या हसल्या, की सगळा चहा माझ्या स्लाइडवर!